विदर्भातली शिलावर्तुळं: ओळखायची कशी, पाहायची कशी आणि हात कशाला लावायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरच्या आसपास सुट्टीच्या दिवशी भटकताना माळावर मोठ्या दगडांची वर्तुळं दिसतात. ती खरंच प्राचीन आहेत की अलीकडे कुणी रचलेली, हे कसं ओळखायचं? तिथे गेल्यावर नेमकं काय बघायचं? दगडांवरचे खड्डे म्हणजे नक्षत्रांचे नकाशे आहेत, हे खरं का? आणि खापर किंवा मणी सापडला तर घेतला तर चालतो का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. खापर, मणी, लोखंडाचा गंजलेला तुकडा, काहीही उचलायचं नाही. कायद्याचं पुढे सांगतोच, पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं. ही वर्तुळं उभारणाऱ्यांनी एक अक्षरही लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्याबद्दल जे काही कळलंय ते जागेवरून कळलंय: कुठली वस्तू कशाशेजारी होती, किती खोलीवर होती, भरावाच्या वर होती की खाली. जमिनीवर पडलेलं साधं खापरसुद्धा जुनी वस्ती कुठवर पसरली होती ते दाखवत असतं. चार जणांनी चार खापरं घरी नेली की त्या बाजूने वस्तीची हद्द पुसली जाते, आणि ती पुन्हा कुणालाही आखता येत नाही.

आता मूळ विषय. ही वर्तुळं म्हणजे लोहयुगातली दफनं. मोठाले दगड वापरून मृतांची स्मारकं उभारणाऱ्या या संस्कृतीला आपण महापाषाणीय म्हणतो. विदर्भात तिचा ढोबळ काळ इ. स. पूर्व १००० ते ३०० असा धरतात. नागपूर जिल्ह्यात ती सगळ्यात दाट आहेत. वर्धा, भंडारा, चंद्रपूर या बाजूंनाही पसरलेली आहेत. दक्षिणेत याच संस्कृतीची रूपं वेगळी दिसतात. कर्नाटकात हिरेबेनकलला दगडी फरशा उभ्या करून केलेली घरांसारखी डोल्मेन आहेत, केरळात छत्रीसारखे दगड आहेत. विदर्भात मात्र मुख्यतः वर्तुळ हाच प्रकार दिसतो.

स्टोनहेंजचं चित्र डोक्यात घेऊन जाऊ नका. ते आपल्या वर्तुळांच्या दोन हजार वर्षं आधी सुरू झालं, आणि या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. तिथे घडवलेल्या उंच शिळा उभ्या आहेत. आपल्याकडचे दगड न घडवलेले, जमिनीत अर्धवट रुतलेले, बहुतेक गुडघ्याच्या आसपास उंचीचे. उंच खांब शोधत गेलात तर वर्तुळाच्या मधोमध उभे राहूनही ते तुम्हाला दिसणार नाही, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. व्यास पाच-सहा मीटरपासून वीस मीटरच्या पुढेपर्यंत असतो. परिघावर मोठे दगड, आत मुरूम, चिकणमाती आणि लहान गोटे यांचा भराव, तो मध्यभागी किंचित उंचावलेला. दफन त्या भरावाखाली. पुष्कळदा अख्खा सांगाडा नसतोच. निवडक हाडं आणि सोबत भांडी, हत्यारं, दागिने असतात. काही वर्तुळांत हाडं मुळीच मिळत नाहीत.

या अभ्यासाचा इतिहास थोडासा माहीत असावा, कारण तुम्ही ज्या वाटेने जाल ती आधी कुणी चाललंय हे कळलं की बघण्यात फरक पडतो. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी आणि भूगर्भाचे अभ्यासक, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडून गेले. पुढे जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळं खणली आणि १८७९ मध्ये त्याबद्दल लिहिलं. दगडांवरच्या खड्ड्यांकडे त्याचं बारीक लक्ष होतं. स्वातंत्र्यानंतर १९६१-६२ च्या सुमारास बी. के. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे जुनापाणीला उत्खनन केलं. मात्र विदर्भाच्या महापाषाणीय संस्कृतीला खरा आकार दिला तो नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी. टाकळघाट-खापा १९६८-६९, माहूरझरी १९७०-७२, आणि नंतर अ. प्र. जामखेडकर यांच्यासोबत नैकुंड. देवांनी कबरींबरोबरच त्या लोकांची गावंही शोधली, आणि तुम्ही पाहायला जाल तेव्हा नेमकं हेच करायचं आहे.

म्हणजे काय ते सांगतो. बहुतेक लोक गाडी लावतात, वर्तुळ गाठतात, फोटो काढतात, परत येतात. त्याऐवजी आधी पाणी शोधा. वर्तुळं सहसा बरड जमिनीवर असतात: मुरमाड, उथळ, पिकाला निकस, पण आजूबाजूच्या वावरांपेक्षा थोडी उंच. तिथे उभं राहून उताराकडे बघा. काही अंतरावर नदी किंवा नाला असतो, आणि मधे काळी जमीन. चांगली जमीन त्यांनी मेलेल्यांना दिली नाही, ती पेरायला ठेवली. नदीकाठाने चालत गेलात तर एखाद्या ठिकाणी मातीचा रंग बदलतो. करडी-पांढरट, भुसभुशीत, राखेचे थर असलेली माती लागते. तीच पांढरी. गावोगावी पांढरीच्या टेकाडाला लोक जुन्या गावाचं रीठ म्हणून ओळखतात. तिथे पायाखाली काळ्या-तांबड्या खापरांचे तुकडे दिसतील: आतून आणि काठाशी काळे, बाहेरून खाली तांबडे. भांडं भट्टीत पालथं घालून भाजल्यावर हा दुरंगीपणा येतो. बाहेरून तांबडी आणि उन्हात बारीक चमकणारी खापरं दिसली तर ती अभ्रक मिसळलेल्या मातीची.

टाकळघाटला वस्ती आणि जवळच खापा इथे वर्तुळं, अशी जोडी देवांना मिळाली. पेंच नदीकाठी नैकुंडलाही वस्ती आणि वर्तुळं दोन्ही आहेत. तिथे तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली, वक्र विटांची, हवा फुंकायच्या मातीच्या नळीसकट. इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमाराची ही भट्टी. म्हणजे कबरीत ठेवलेल्या कुऱ्हाडीचं लोखंड लांबून आणलेलं असण्याची गरज नव्हती, ते गावातच तयार होत होतं. नदीकाठच्या शेतात जड, काळसर, बुडबुडे आलेला आणि एखाद्या बाजूने काचेसारखा चकाकणारा तुकडा दिसला तर तो लोहमळीचा, म्हणजे लोखंड गाळताना उरलेल्या मळाचा, असू शकतो. फोटो काढा, जागा नोंदवा, तिथेच ठेवा.

आता ओळखण्याबद्दल. गोल रचलेला प्रत्येक दगड प्राचीन नसतो. शेत साफ करताना काढलेले दगड धुऱ्यावर रचतात, जुन्या खळ्याभोवती दगड लावलेले असतात, गुरं बसवायच्या जागेला दगडांचं कुंपण असतं. फरक पुढीलप्रमाणे दिसतो. साफसफाईच्या ढिगात सगळ्या मापांचे दगड एकावर एक टाकलेले असतात. वर्तुळात परिघावरचे दगड साधारण एका जोडीचे, एकाच ओळीत, शेजारी शेजारी असतात आणि त्यांची लांब बाजू परिघाला धरून असते. खळ्याचा मधला भाग सपाट, चोपलेला असतो. वर्तुळाचा मध्य फुगलेला. दगडाच्या बुडाशी बसून नीट बघा. जुना दगड जमिनीत रुतलेला असतो, त्याच्याभोवतीची माती घट्ट बसलेली असते, वरच्या अंगावर दगडफुलाचे करडे चट्टे सलग पसरलेले असतात आणि ते जमिनीच्या रेषेपाशी थांबतात. हलवलेल्या दगडावर ही रेषा वाकडी किंवा उलटी दिसते. शेवटची आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे शेजार. वर्तुळ क्वचितच एकटं असतं. एक दिसलं की तिथेच थांबून चहूकडे शंभर-दोनशे पावलं चाला; दुसरं, तिसरं सापडायला लागतं. जुनापाणीला तर सुमारे तीनशे आहेत.

मधोमध खड्डा दिसला तर तो मूळचा समजू नका. गुप्तधनाच्या आशेने केलेलं ते खणकाम असतं, आणि अशी वर्तुळं दुर्दैवाने बरीच आहेत. त्या खड्ड्याच्या काठावर भरावाचे थर उघडे पडलेले असतात. ते बघता येतात. पण काठ खरवडायचा नाही.

मोजमाप घ्या, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. उत्खनन परवानाधारकांचं काम आहे, पण मोजणं कुणीही करू शकतं, आणि विदर्भातल्या शेकडो वर्तुळांचं अजून साधं मोजमापही झालेलं नाही. लागतं काय? तीस मीटरचा टेप, होकायंत्र, आलेखाची वही, सुतळी, आणि फोनमधलं जीपीएस. मध्यभागी उभे राहून जागेची नोंद घ्या, फोन दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवून. फोनच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असते, त्यामुळे वर्तुळाची जागा त्याने कळते, एकेका दगडाची नाही. दगडांसाठी टेपच वापरायचा. व्यास दोनदा मोजा, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, आणि दगडांच्या बाहेरच्या कडेपासून मोजला की आतल्या, ते लिहा. हे न लिहिलेली मोजमापं पुढच्या माणसाला वापरता येत नाहीत. मग उत्तरेच्या दगडाला १ क्रमांक देऊन घड्याळाच्या दिशेने सगळे दगड मोजत जा. प्रत्येकाची लांबी, रुंदी, उंची, आणि निसटलेला असेल तर तशी नोंद. भरावाची उंची काढायला समोरासमोरच्या दोन दगडांवरून सुतळी ताणून धरा आणि मध्याशी तिच्यापासून खाली मोजा.

होकायंत्राबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. नागपूरकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक एका अंशाच्या आतबाहेर आहे, म्हणजे तो त्रास नाही. त्रास दगडांचा आहे. आपला काळा पाषाण स्वतः थोडा चुंबकीय असतो. होकायंत्र दगडावर ठेवून दिशा घेतली तर काटा कित्येक अंश सरकतो. वर्तुळाच्या मध्यातून, छातीच्या उंचीवर धरून दिशा घ्या. शंका आली तर दोन पावलं बाजूला होऊन परत घ्या.

आता त्या खड्ड्यांबद्दल, ज्यांना अभ्यासक कपमार्क म्हणतात. जुनापाणीला ते नीट पाहायला मिळतात. जवळून बघितल्यावर दिसतं ते असं: साधारण इंच-दोन इंच रुंदीची, त्याहून कमी खोलीची गोल खोलगट जागा, तळ गुळगुळीत, काठ सारखा. कठीण दगडाने एकाच ठिकाणी ठोकत, घासत ती केलेली आहे. अशा खोलग्यांची ओळ असते, बऱ्याचदा दगडाच्या लांबीला धरून, कधी दोन समांतर ओळी, आणि त्यांच्यातलं अंतर डोळ्यांना जाणवेल इतकं नियमित. हे अंतरच महत्त्वाचं. काळ्या पाषाणात लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूचीही भोकं असतात. ती वेडीवाकडी, वेगवेगळ्या मापांची आणि दगडभर विखुरलेली असतात, काहींच्या आत पांढरे स्फटिकही दिसतात. पाणी साचून झिजलेले खड्डे पसरट आणि एका बाजूला उतरते असतात. बोटाचं पेर हलकेच फिरवलं की माणसाने केलेला खळगा सगळीकडून सारखा लागतो.

दुपारच्या उन्हात मात्र हे काहीच दिसत नाही. सूर्य डोक्यावर असला की खोली सपाट होऊन जाते, आणि मग लोक खडू काढतात. कृपा करून खडू, चुना, तेल, पीठ, काहीही लावू नका. खडू बारीक छिद्रांत बसतो, झिजेच्या खुणा झाकतो, आणि ज्याने खडू भरला त्याचा अंदाज पुढच्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर लादतो. त्याला जे खळगे वाटले नाहीत ते नंतरच्या फोटोंमधून गायबच होतात. सकाळी सूर्योदयानंतरचा तास किंवा संध्याकाळचा शेवटचा तास निवडा. तिरप्या उजेडात खळग्याच्या एका काठावर सावलीची कोर उमटते आणि आदल्या दुपारी सपाट वाटलेल्या दगडावर अख्खी ओळ उठून दिसते. अंधार पडत असेल तर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून, पृष्ठभागाला समांतर उजेड टाका. मग दुसऱ्या बाजूने टाका आणि दोन्ही फोटो काढा. एकाच बाजूच्या उजेडात काही खळगे नजरेतून सुटू शकतात. खळगे दगडाच्या माथ्यावर आहेत, आतल्या अंगाला की बाहेरच्या, हे प्रत्येक वेळी लिहा, आणि तो दगड वर्तुळात कोणत्या दिशेला आहे तेही.

ही दिशेची नोंद का हवी, तर तुमच्या नक्षत्रांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनापाणीच्या वर्तुळांची पद्धतशीर नोंद घेतली. त्यांना असं आढळलं की कपमार्क असलेले दगड परिघावर कसेही विखुरलेले नाहीत, ते मध्यापासून ठराविक तीन दिशांना एकवटतात. ही गोष्ट अनेक वर्तुळांत परत परत दिसते, म्हणून तिला वजन आहे. त्यामागे आकाशाचा संदर्भ असू शकतो, ही शक्यता मी खुली ठेवतो. पण त्यावरून प्रत्येक वर्तुळ म्हणजे वेधशाळा, प्रत्येक ओळ म्हणजे मृग किंवा सप्तर्षी, असं म्हणणं मला मान्य नाही.

कारण साधं गणित आहे. समजा वर्तुळात वीस दगड आहेत. कुठलेही दोन दगड जोडले तर रेषा होतात १९०. क्षितिजावर रेषांना वेगळ्या दिशा मिळतात फक्त १८० अंशांत. म्हणजे दर अंशाला सरासरी एकाहून जास्त रेषा तुमच्याकडे तयारच आहे. तुम्ही कुठलाही तारा सांगा, त्याच्या उगवतीकडे जाणारी रेषा मिळेलच, आणि ती मिळण्याने काहीच सिद्ध होत नाही. नागपूरच्या अक्षांशावर सूर्य वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत सरकून उगवतो. एखादा निष्कर्ष काढायचा तर आधी ठरवायला हवं की आपण कुठली दिशा तपासतोय, मग त्या स्थळावरची सगळी वर्तुळं मोजायची, जुळणारी आणि न जुळणारी दोन्ही. शिवाय तेव्हाचं आकाश आजच्यासारखं नव्हतं. आजचा ध्रुवतारा त्या काळी उत्तर ध्रुवापाशी नव्हता. फोनवरच्या तारांगणात काळ मागे नेल्याशिवाय काही ताडून बघू नका, आणि क्षितिजावर टेकडी असेल तर तिची उंचीही धरा.

वर्तुळांच्या आत काय मिळालं, ते ऐकलं की हे लोक डोळ्यांसमोर येतात. विदर्भाची खास ओळख म्हणजे लोखंडी कुऱ्हाडी, ज्यांचं पातं दांड्याला बांधण्यासाठी आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या कड्या वापरलेल्या आहेत. त्यांच्यासोबत छिन्न्या, वाकस, सुऱ्या, खंजीर, दिवे. तांब्याची झाकणं मिळाली आहेत, काहींच्या माथ्यावर पक्षी बसवलेले. तांब्याच्या घंटा, सोन्याचे दागिने, कार्नेलियन आणि अकिकाचे मणी. माहूरझरी तर मणी घडवण्याचं मोठं केंद्रच होतं आणि महापाषाणीय काळानंतरही ते चालू राहिलं.

आणि घोडे. माहूरझरीच्या वर्तुळांत घोड्यांचे अवशेष मिळाले, तांब्याच्या शिरोभूषणांसकट. तोंडात घालायचे लोखंडी लगामही विदर्भात अनेक ठिकाणी मिळालेत. हाडांवर कापल्याच्या खुणा आढळल्या, त्यावरून मालकाबरोबर पुरण्यासाठी घोड्याला मारलं असावं असं अभ्यासकांचं मत आहे. एका पाळीव, शिकवलेल्या घोड्याची तेव्हाची किंमत विचारात घ्या. ज्याच्यासाठी तो पुरला तो माणूस गावातला साधा असामी नव्हता. एका बाजूला लोहारकाम, घोडे, लांबून आलेला माल, आणि दुसऱ्या बाजूला नैकुंड-भागीमोहारीच्या वस्त्यांत गहू, जव, मसूर, वाटाणा यांचे जळके दाणे. हे लोक शेती करत, गुरं राखत, लोखंड गाळत, व्यापारही करत. केवळ भटके पशुपालक असं त्यांचं जे चित्र पूर्वी रंगवलं जाई, ते या दाण्यांसमोर टिकत नाही.

मृताच्या नावाने दगड उभा करण्याची प्रथा गडचिरोली-बस्तरकडच्या माडिया गोंड समाजात आजही आहे. ते दगड बघायला मिळाले तर त्या घरच्यांना विचारून, आदराने बघा. दगड उभा करण्यामागे किती माणसं जमतात, किती दिवसांचं जेवण शिजतं, हे तिथे कळतं. मात्र त्यावरून अडीच हजार वर्षांपूर्वीची वर्तुळं याच समाजाच्या पूर्वजांची, असा थेट धागा जोडू नका. मधे फार मोठा काळ गेला आहे.

कायदा आता थोडक्यात. जुनापाणीसह नागपूर भागातली काही स्थळं केंद्र सरकारने संरक्षित केलेली आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकाम किंवा खाणकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. स्थळ संरक्षित नसलं तरी मोकळीक नाही. जमिनीत सापडलेला मौल्यवान ऐवज १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या विक्रीवर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वर्तुळं चोरांमुळे जात नाहीत, मुरमामुळे जातात. ज्या बरड जमिनीवर ती आहेत तीच जमीन रस्त्याच्या भरावासाठी खणली जाते. एका दिवसात यंत्र दहा वर्तुळं नेतं, आणि नेणाऱ्याला आपण काय नेलं याची कल्पनाही नसते. हे थांबवण्यासाठी तारखेसह नोंद लागते. उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रांवर, गवत वाळलेलं असताना, मोठी वर्तुळं ओळखू येतात. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रंही बघता येतात. एकाच माळाची जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवली की किती गेलं ते कुणालाही दाखवता येतं. नवं स्थळ किंवा चालू खणकाम दिसलं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आणि तहसीलदार, तिघांनाही लेखी कळवा. गावाचं नाव, शक्य असेल तर गट क्रमांक, जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, फोटो. अर्जात तर्क लिहू नका, फक्त दिसलं ते लिहा. अशा अर्जावर कार्यवाही करणं अधिकाऱ्यालाही सोपं जातं.

नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटो खुशाल टाका. गावकऱ्यांपासून मात्र काही लपवायची गरज नाही, त्यांना जागा तुमच्याआधी माहीत आहे. जुन्या नोंदींत ही वर्तुळं गवळ्यांची असल्याचं गावकरी सांगत, असं येतं. आजही गुराख्याला विचारलंत तर तो झुडपात दडलेली वर्तुळं दाखवतो. कुणाच्या वावरातून जायचं असेल तर आधी त्यांना विचारा आणि काय बघतोय ते सांगा. इथे धन नाही, दफन आहे, हे चार जणांना पटलं तरी त्या माळावरचं खणणं कमी होतं.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी धरा. पावसाळ्यात गवत कमरेएवढं होतं, वर्तुळ दिसत नाही आणि नाल्यांना अचानक लोंढा येतो. हिस्लॉप यांचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. मार्चनंतर ऊन सोसवत नाही. दगडाच्या फटीत हात घालू नका, विंचू आणि घोणस दोन्ही तिथे असतात. पायात घोट्यावर येणारे बूट हवेत.

सुरुवात जुनापाणीपासून करा. काटोल रस्त्याने नागपूरपासून जवळ आहे, संरक्षित आहे, आणि एकाच ठिकाणी लहान-मोठी, शाबूत-मोडकी सगळी वर्तुळं बघायला मिळतात. पहिल्या दिवशी सगळी बघायचा हट्ट धरू नका. सूर्योदयाला पोहोचा, एकच शाबूत वर्तुळ निवडा, वर सांगितलं तसं त्याचं पूर्ण मोजमाप घ्या, प्रत्येक दगडावर तिरप्या उजेडात खळगे शोधा. दोन-अडीच तास लागतील. त्यानंतर उरलेल्या माळावर फिरा. सकाळी जिथे नुसते दगड दिसले होते तिथे तुम्हाला वर्तुळं दिसायला लागतील. मग माहूरझरी, आणि त्यानंतर नैकुंडला पेंचच्या काठाने पांढरी शोधत चालायला जा.